नाईटच्या रोस्टरमधून तिचं नाव मीच खोडलं होतं

आधीच सांगून ठेवते, कंपनीचं नाव घेणार नाही, शहराचंही नाही. पश्चिम महाराष्ट्रातलं मध्यम शहर, बाजूला एमआयडीसी, तिच्यात फाउंड्र्या, फोर्जिंगवाले, दोनचार डेअऱ्या. शहरात पाईप गॅस द्यायचं लायसन्स ज्या कंपनीकडे आहे तिथे मी ओ अँड एम बघते. ओ अँड एम म्हणजे पाईप टाकून झाले, नारळ फुटला, पुढाऱ्याचे फोटो छापून आले, की त्यानंतर जे उरतं ते सगळं. लीक, प्रेशर, व्हॉल्व, जेसीबी आणि रात्रीचे फोन.

प्रकरण एका पोरीचं आहे. २०२० मध्ये ट्रेनी इंजिनियर म्हणून आली, केमिकलची, बारीक अंगाची, बोलायला कमी पण लॉगबुक असं लिहायची की ऑडिटवाला खूश. आणि प्रकरण माझंही आहे, कारण यातली मुख्य चूक माझी आहे. हे लिहायला मला बराच वेळ लागला.

ज्यांना गॅसचं जाळं माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मोठ्या लाईनीतून गॅस सिटी गेट स्टेशनला येतो, तिथे मोजला जातो आणि त्याला वास दिला जातो, कारण मिथेनला स्वतःचा वास नसतो, तुम्हाला जो सडक्या कोबीसारखा वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. तिथून साधारण २६ बारने स्टीलच्या लाईनीत, मग डीआरएसला म्हणजे गल्लीबोळाच्या रेग्युलेटर स्टेशनला तो ४ बारवर आणायचा, पुढे एमडीपीईचे म्हणजे प्लास्टिकचे पाईप, बिल्डिंगपाशी १०० मिलिबार आणि तुमच्या शेगडीला जेमतेम २१ मिलिबार. म्हणजे २६ बारवरून हजारपटीहून जास्त उतरवत उतरवत आणलेला गॅस तुम्ही चहाखाली पेटवता. यात कुठेही काही बिघडलं की फोन आमच्याकडे, आणि का कोण जाणे, बिघडतं ते रात्रीच.

रोस्टर

सप्टेंबर २०२१. ट्रेनिंग संपलेल्या पाच जणांना शिफ्टमध्ये टाकायचं होतं, चार पोरं आणि ही. यादी कॉम्प्युटरने काढलेली, तिचं नाव दुसऱ्या आठवड्याच्या नाईटला. मी पेन घेतलं, खोडलं, जनरल शिफ्टला टाकलं. काम काय तर एमआयएस, म्हणजे एक्सेल भरायचं, गॅसचं रिकन्सिलिएशन, किती आला, किती विकला, किती हिशोबात लागत नाही.

का खोडलं? कारणं खूप होती, आणि एकही खोटं नव्हतं. दोन दिवस आधी तिच्या आईचा फोन आलेला, "मॅडम, तुम्ही पण बाईमाणूस आहात, पोरीला रात्रीचं पाठवू नका हो". डीआरएस बऱ्याचदा गावाबाहेर, नाल्याकडेला, एक तर चक्क स्मशानाच्या कंपाउंडला लागून. रात्रीच्या गाडीत दोन टेक्निशियन, एक ड्रायव्हर, सगळे पुरुष. टॉयलेटचा पत्ता नाही. आणि हे सगळं झाल्यावर उद्या काही घडलं तर पहिली मान माझी. मला वाटलं मी तिची काळजी घेतेय. ती समोरच बसलेली, दहा फुटांवर, मी तिला विचारलंही नाही. विचारायचं असतं हे डोक्यातच आलं नाही, आणि मी स्वतः बाई आहे, एकोणीस वर्षं या लाईनीत आहे, मला स्वतःला पहिल्या नोकरीत साहेबाने असंच "तू ऑफिस सांभाळ" म्हणून कोपऱ्यात बसवलं होतं आणि तेव्हा मी घरी जाऊन रडले होते.

जानेवारी २०२३ ला शिफ्ट इनचार्जच्या दोन जागा निघाल्या. त्यासाठी कंपनीची कॉम्पिटन्सी शीट असते. रात्रीच्या किती इमर्जन्सी अटेंड केल्या, स्क्विझ-ऑफ म्हणजे प्लास्टिकचा पाईप दाबून गॅस थांबवणं स्वतःच्या हाताने किती वेळा केलं, हॉट वर्कचं म्हणजे ठिणगी उडेल अशा कामाचं परमिट किती वेळा दिलं, सीएनजी स्टेशनचा कॉम्प्रेसर ट्रिप झाल्यावर चालू केला का. तिच्या शीटवर अर्ध्या रकान्यांत शून्य. तिच्या बॅचच्या दोन पोरांना जागा मिळाल्या. त्यातल्या एकाचे रिपोर्ट हीच दुरुस्त करून द्यायची, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं.

ती शीट घेऊन केबिनमध्ये आली. भांडली नाही. म्हणाली, "मॅडम, यातल्या कुठल्या रात्री तुम्ही मला बोलावलं आणि मी आले नाही?"

मी काहीतरी बोलले असेन, पुढच्या वेळी बघू वगैरे. आठवत नाही.

कायद्यात बसत नाही म्हणे

एचआरला विचारलं तर ठरलेलं उत्तर, "बायकांना नाईट कायद्यात बसत नाही". हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की कधी कायदा उघडून बघितलाच नव्हता. या वेळी बघितला. फॅक्टरी ॲक्ट १९४८ चं कलम ६६, बायकांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळात काम. पण मद्रास हायकोर्टाने २००० मध्येच त्यातली रात्रीची बंदी घटनाबाह्य ठरवलेली. आणि आमचं ऑफिस, आमची इमर्जन्सी टीम मुळात फॅक्टरीखाली नोंदलेलीच नाही, शॉप ॲक्टखाली आहे. महाराष्ट्राचा २०१७ चा शॉप ॲक्ट सांगतो की रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईची संमती असेल आणि तिच्या सुरक्षेची, जाण्यायेण्याची सोय केली असेल तर काम देता येतं. म्हणजे बंदी नव्हतीच, अट होती, आणि अट मालकावर होती. आम्ही अटीला बंदी समजून मोकळे झालो, कारण बंदीला खर्च येत नाही. आता तर नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यातही हेच आहे, संमती घ्या आणि सोय करा.

एचआरच्या बाईंना मी कलम दाखवलं. त्या म्हणाल्या, "अहो पण प्रॅक्टिकली?" प्रॅक्टिकली हा शब्द आमच्याकडे कायद्यापेक्षा मोठा आहे.

तर मग प्रॅक्टिकलीच बसलो. कागद घेतला आणि तिलाच विचारलं, तुला नाईट करायला काय काय लागेल. मला वाटलेलं सिक्युरिटी गार्ड मागेल. तिने लिहिलं: बूट. साईज चार. कंपनीचे सेफ्टी शूज सहापासून सुरू व्हायचे, ही दोन वर्षं आत दोन मोजे घालून चालत होती आणि कोणालाही बोलली नव्हती. दुसरं, फायर रिटार्डंट कव्हरऑल तिच्या मापाचा, कारण बाह्या दुमडून व्हॉल्व चेंबरमध्ये उतरलं की बाही अडकते. तिसरं, रात्री उघडी असलेली टॉयलेट कुठली त्याची यादी आणि किल्ल्या. आमचे चार सीएनजी पंप रात्रभर चालू असतात, तिथे लेडीज टॉयलेट आहेत पण कुलूपबंद, किल्ली मॅनेजरच्या खिशात आणि मॅनेजर घरी झोपलेला. चौथं, घरून न्यायला आणि सोडायला गाडी. बस. सगळं मिळून जो खर्च आला तो आमच्या उद्घाटनाच्या मांडवापेक्षा कमी होता.

टेक्निशियन लोकांचं काय होईल याची मला खरी धास्ती होती. आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन, त्यांना सगळे तात्या म्हणतात, पंचावन्नच्या पुढचे, ते तोंडावर बोलले, "मॅडम, ताई येऊ देत, पण गाडीत मग आम्हाला गाणी, शिव्या सगळं बंद". मी म्हटलं गाणी चालू ठेवा. आईला मी स्वतः घरी जाऊन भेटले. चहा झाला, पोहे झाले, वडील एक शब्द बोलले नाहीत, शेवटी दारात येऊन एवढंच म्हणाले की सोडायला येणाऱ्या ड्रायव्हरचा नंबर द्या. एप्रिल २०२३ पासून ती नाईटला गेली.

रात्री दोनला

जूनमधली रात्र, पाऊस नुकता सुरू झालेला. एक वाजून पन्नास मिनिटांनी कंट्रोल रूमला फोन, कुठल्यातरी केबलच्या ठेकेदाराने खोदताना आमची १२५ एमएमची लाईन फोडली. हे सारखं होतं. सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलंय, खोदायच्या आधी जमिनीखाली कोणाच्या लाईनी आहेत ते विचारायचं. पण रात्री खोदणारा ठेकेदार मुळात विचारायचं नसतं म्हणूनच रात्री खोदतो. पिवळी वॉर्निंग मॅट वर आलेली असते, त्यावर मराठीत लिहिलेलं असतं खाली गॅस आहे, तरी बकेट मारतातच.

मी घरून निघाले तोवर तिची आणि तात्यांची गाडी पोचली होती. ४ बारची लाईन फुटली की आवाज कसा येतो ते सांगून कळत नाही, विमान डोक्यावर थांबलंय असं वाटतं, शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येत नाही. मी पोचले तेव्हा तिने दोन्ही बाजूंचा रस्ता बंद केला होता, वारा कुठून येतोय ते बघून गाडी वरच्या अंगाला लावली होती, आणि मोबाईलवर शूटिंग करणाऱ्या पोरांना हाकलत होती. ऐकत नव्हते, मग तात्यांनी त्यांच्या खास शब्दांत सांगितलं.

आता इथे निर्णय असा असतो: वरचा व्हॉल्व बंद करून अख्खा भाग तोडायचा की तुटलेल्या जागेच्या आधी पाईप दाबून गॅस थांबवायचा. व्हॉल्व बंद करणं सोपं, एक चेंबर उघडा आणि फिरवा. पण मग त्या भागातल्या सातआठशे घरांचं प्रेशर जातं आणि परत गॅस सोडायच्या आधी प्रत्येक घरात जाऊन शेगडीचं बटण बंद आहे ना ते बघावं लागतं, कारण कोणी अर्धवट चालू ठेवून झोपला असेल तर पहाटे गॅस आला की घर भरतं. मिथेन हवेत ५ टक्के झाला की पेटायला तयार, १५ टक्क्यांपर्यंत तयारच. म्हणून शक्य असेल तिथे स्क्विझ. फुटल्या जागेपासून लांब दुसरा खड्डा घ्यायचा, पाईप उघडा करायचा, आणि प्लास्टिकच्या पाईपवर घर्षणाने स्टॅटिक चार्ज साचतो, म्हणून आधी ओलं फडकं पाईपला गुंडाळायचं आणि त्याचं टोक मातीला टेकवायचं, मगच लोखंडी स्क्विझ टूल लावायचं. हे फडकं विसरलेली माणसं मी बघितलीत, अनुभवी माणसं.

ती फडकं विसरली नाही. टूलचे स्क्रू एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने तात्या, एकेक फेरा मोजत. आवाज हळूहळू पातळ होत गेला, मग शिट्टी, मग नुसती सूंऽऽ, मग पाऊस ऐकू यायला लागला.

पण एक गोष्ट ती विसरली. बाजूला टेलिफोनच्या केबलचं चेंबर होतं. गॅस वर जातो हे खरं, पण जमिनीखाली त्याला जिकडे पोकळी मिळेल तिकडे पळतो, केबलच्या डक्टमधून शंभर फुटांवरच्या बेसमेंटमध्ये निघाल्याची उदाहरणं आहेत. डिटेक्टर घेऊन आजूबाजूची सगळी चेंबरं, गटारं तपासायची असतात, आणि ते स्क्विझ चालू असतानाच दुसऱ्या माणसाकडून करून घ्यायचं असतं. तिने नंतर केलं, तेही तात्या बोलले तेव्हा, "ताई, ते झाकण बघा की". झाकणाखाली रीडिंग आलं, एलईएलच्या म्हणजे पेटायला लागणाऱ्या त्या किमान ५ टक्क्यांच्या १८ टक्के, म्हणजे धोक्याच्या आत पण शून्य नाही. झाकणं उघडून हवा खेळू दिली, वीस मिनिटांनी शून्य.

हे मुद्दाम लिहिलंय. अशा गोष्टी सांगताना पोरीने रात्रीत शहर वाचवलं असं करून सांगायची आपल्याला सवय आहे. तिने शहर वाचवलं नाही. तिने एक बऱ्यापैकी काम केलं, एक चूक केली, आणि चूक जुन्या माणसाने दाखवली, जशी प्रत्येक पोराला पहिल्या वर्षी दाखवली जाते. ती चूक तिने २०२१ मध्येच केली असती तर २०२३ ला शीट रिकामी नसती, एवढंच.

आणि दुसरं. पहाटे काही बिल्डिंगांचं प्रेशर पडलं होतं, तिथे घरोघरी जावं लागलं. साडेपाचला बेल वाजवली की तात्यांना लोक साखळीच्या फटीतून बघायचे आणि हिला दार उघडायचे. सकाळी आमचे मोठे साहेब खूश, "बघा, लेडीज स्टाफचा हा फायदा!" मला तिथेच धोका दिसला. कारण याच फायद्यापोटी आमच्याकडच्या बायका कस्टमर केअर, मीटर रीडिंग, नवीन कनेक्शनचे फॉर्म इथे जाऊन बसतात आणि तिथेच रिटायर होतात. मी साहेबांना म्हटलं, सर, तिने स्क्विझ केलाय तो आधी शीटवर चढवा, दारं कोणीही वाजवेल.

गॅस किती वर्षं राहणार

पहाटे कपलर म्हणजे पाईप जोडायचा तुकडा लावून झाला, तो वितळवून चिकटवणारं इलेक्ट्रोफ्यूजनचं मशीन बारकोड वाचून वेळ स्वतः लावतं, मग जॉइंट थंड होईपर्यंत कोणी पाईपला हात लावायचा नाही, तेवढ्या वेळात आम्ही टपरीवर चहा प्यायलो. तिथे तिने विचारलं, "मॅडम, खरं सांगा, या लाईनीत राहू का सोलरला जाऊ? सगळे म्हणतात गॅस टेम्पररी आहे."

प्रश्न बरोबर होता. तिचं वय सव्वीस, तीसेक वर्षं नोकरी बाकी. देशाचं टार्गेट आहे की एकूण ऊर्जेत गॅसचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्के, आणि आज तो ६-७ टक्क्यांच्या आसपास घुटमळतोय. २०२२ मध्ये काय झालं ते तिने एक्सेलमध्ये स्वतः भरलेलं. घरगुती आणि सीएनजीला देशातला स्वस्त गॅस आधी मिळतो, कारखान्यांना मात्र बराचसा बाहेरून जहाजाने आलेला एलएनजी, म्हणजे थंड करून द्रव केलेला गॅस. आशियातला स्पॉटचा म्हणजे करार नसलेल्या खरेदीचा भाव २०२० च्या उन्हाळ्यात एमएमबीटीयूला (गॅस मोजायचं एकक) २ डॉलरच्या आसपास होता, युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि मार्च २०२२ मध्ये तो एकदा ८४ पर्यंत गेला. आमच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीवाल्याने आमच्याच सांगण्यावरून फर्नेस ऑईल सोडून गॅसचे बर्नर बसवले होते. त्याने मला फोन करून दहा मिनिटं जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही, आणि महिन्याभरात जुनी टाकी घासूनपुसून परत चालू केली. गुजरातेत मोरबीतल्या टाईल्सवाल्यांनीही तेव्हा प्रोपेनचा रस्ता धरला.

मला त्याचं नवल वाटलं नाही. माझं माहेर गुहागर तालुक्यातलं, आम्ही एन्रॉन बघत मोठे झालो. गॅसवर चालणार म्हणून त्या कंपनीने उभं केलेलं दाभोळचं वीज केंद्र १९९९ मध्ये सुरू झालं ते नाफ्त्यावर, २००१ मध्ये बंद पडलं, मग २००५ ला नवीन कंपनी काढून सरकारने ते उचललं. एलएनजीचं टर्मिनल सुरू व्हायला २०१३ उजाडलं आणि ब्रेकवॉटर अपुरा म्हणून कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाजच लागायचं नाही. देशात गॅसवर चालणारी २० हजार मेगावॉटच्या वरची केंद्रं आहेत, त्यातली बरीच महागड्या गॅसपायी वर्षातला बहुतेक काळ नुसती उभी असतात. त्यामुळे गॅस म्हणजे भविष्य असं मी कोणाला छाती ठोकून सांगत नाही.

पण चहाच्या टपरीवर, बिस्किटाच्या पुड्याच्या मागे, आम्ही एक हिशोब केला तो मला महत्त्वाचा वाटतो. एक गिगाज्यूल उष्णता काढायला कोळसा जाळला तर साधारण ९५ किलो कार्बन डायऑक्साइड, फर्नेस ऑईल ७७, एलपीजी ६३, आणि आपला गॅस ५६. कोळशापुढे चांगलाच कमी, एलपीजीपुढे मात्र जेमतेम ७ किलोचा फरक. आता तेवढ्याच उष्णतेसाठी मिथेन लागतो साधारण २० किलो. त्यातला १ टक्का जरी विहिरीपासून शेगडीपर्यंत कुठेतरी न जळता हवेत गेला तर ते झाले २०० ग्रॅम, आणि वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटीहून जास्त तापवतो, म्हणजे तो १ टक्का १६ किलोला पडला. कोळशापुढचा ३९ किलोचा फायदा साधारण अडीच टक्के गळतीत संपतो. फर्नेस ऑईलपुढचा सव्वा टक्क्यात. एलपीजीपुढचा अर्ध्या टक्क्याच्याही आत. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन ३० पटीच्या आसपास येतो आणि चित्र बरंच बरं दिसतं, आणि बाकीच्या इंधनांचीही खाणीपासूनची गळती असते ती आम्ही धरली नाही, हे मान्य. टपरीवरचा हिशोब आहे तो.

ती पुडा हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे आपला गॅस हिरवा आहे का नाही ते मघाच्या जॉइंटवर ठरतं." मी म्हटलं, हो, आणि तू जे दीड वर्ष एक्सेलमध्ये हिशोबात न लागणारा गॅस म्हणून भरत होतीस त्या रकान्यावर. मंत्रालयात, परिषदेत, गॅसला पुलाचं इंधन म्हणतात, कोळशाच्या काठावरून सौरऊर्जेच्या काठावर नेणारा पूल. तो पूल धरून ठेवायचं काम लीक सर्व्हे करणारी माणसं करतात, रात्री डिटेक्टर घेऊन, आणि त्याच कामावर आम्ही बायकांना घेत नव्हतो.

सोलरबद्दल मी तिला एवढंच सांगितलं की तिकडेही हुरळून जाऊ नकोस. इरेना या रिन्यूएबल ऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९ च्या अहवालात तेल आणि गॅसमध्ये बायका २२ टक्के, रिन्यूएबलमध्ये ३२ टक्के, ऐकायला छान. पण आत बघ, रिन्यूएबलमध्येही ऑफिसच्या कामात ४५ टक्के आणि इंजिनियरिंगच्या कामात २८. म्हणजे तिथेही कोणीतरी यादीतून नावं खोडतंय. वरच्या खुर्च्यांवर बायका बसल्या, निशी वासुदेवा २०१४ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियमच्या प्रमुख झाल्या, वर्तिका शुक्ला २०२१ मध्ये इंजिनियर्स इंडियाच्या, अलका मित्तल यांनी २०२२ मध्ये ओएनजीसीचा कार्यभार सांभाळला, मला त्यांचा अभिमानच आहे. पण त्यांचे फोटो आमच्या नोटीस बोर्डवर लावायला एक दिवस लागला आणि साईज चारचे बूट यायला अकरा आठवडे.

आणि हेही सांगितलं की पाईप तोच राहतो, आतला गॅस बदलतो. शेणापासून, प्रेसमडपासून म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या मळीच्या गाळापासून केलेला बायोगॅस साफ करून याच लाईनीत सोडता येतो, तोही मिथेनच. पुढे सरकारने सिटी गॅसवाल्यांना त्याची सक्तीही केलीय, २०२५-२६ ला १ टक्का, मग ३, मग ४, आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. साखर कारखान्यांचा पट्टा आपला, प्रेसमडला तोटा नाही. इंदूरला गेलने २०२२ मध्येच गॅसच्या जाळ्यात थोडा हायड्रोजन मिसळून बघितला. ज्याला प्रेशर, जॉइंट, परमिट आणि लीक कळतं त्याचं पोट या सगळ्यावर चालेल. ज्याला फक्त एक्सेल कळतं त्याचं काय ते मला माहीत नाही.

पुढचं

२०२४ च्या सुरुवातीला ती शिफ्ट इनचार्ज झाली. जागा एकच होती आणि शीट भरलेली होती, कोणी काही बोललं नाही, एका पोराने मागून टोमणा मारला, तो तिने ऐकला आणि मीही. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सिटी गॅसचा स्वस्त गॅसचा कोटा सरकारने दोनदा कापला, सीएनजीचं गणित बिघडलं, भरती थांबली, त्यामुळे नाईटला दुसरी बाई आणायचा माझा प्लॅन तिथेच अडकला. आजही पाचपैकी एकाच टीममध्ये बाई आहे. याला मी यश म्हणत नाही.

सध्या ती प्रसूतीच्या रजेवर आहे, २६ आठवडे. सहाव्या महिन्यापर्यंत कंट्रोल रूममधून शिफ्ट चालवली, तिचाच निर्णय, या वेळी आधी तिला विचारलं होतं. आणि आता नवीन घोळ उभा राहिलाय. कॉम्पिटन्सी शीटला एक बारीक अट आहे, सहा महिने फील्डवर नसेल तर इनचार्जचं ऑथरायझेशन जातं आणि रकाने पहिल्यापासून भरायचे. ही अट लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर बदली किंवा लांबचं आजारपण असेल, बाळंतपण नव्हतं, कारण तेव्हा त्या यादीत बाईच नव्हती. मी लिहून दिलंय की एक आठवडा कोणाबरोबर तरी शिफ्ट, एक स्क्विझ, एक परमिट, एवढं तपासून ऑथरायझेशन परत द्यावं, सुरक्षेला एवढं पुरतं. सेफ्टीवाल्यांनी सही केली. एचआरकडून फाईल अजून आलेली नाही, बाई म्हणतात वरून विचारतायत की मग पुरुषांनाही हेच लागू करायचं का. मी म्हटलं, करा की.

परवा तिचा मेसेज आला, बाळाचा फोटो, आणि खाली विचारलेलं, त्या टेलिफोन चेंबरच्या लाईनीचा पावसाळ्याआधीचा लीक सर्व्हे झाला का. झाला नव्हता. काल रात्री तात्यांना पाठवला.